मर्क्रूझर अल्फा वन परत बसवतोय: ट्रान्समला सीलंट कुठे लावायचं आणि कुठे नाही?

रेवदंडा_खाडी:

नमस्कार मंडळी. बोट १९ फुटी, फायबरची. मागे मर्क्रूझर अल्फा वन जेन टू स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, प्रोपेलरचा ड्राइव्ह मागे बाहेर) आणि आत ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन. कुंडलिकेच्या खाडीत असते. दर वर्षीप्रमाणे जूनमध्ये ओढून शेडमध्ये घेतली आहे. नारळी पौर्णिमेनंतर उतरवायची आहे, त्यामुळे हाताशी थोडा वेळ आहे.

गेल्या हंगामात बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आत तळाशी, रोज सकाळी पाणी सापडायचं. फार नाही, पण पंप चालवावा लागेल एवढं. म्हणून यंदा सगळंच उघडलं. ड्राइव्ह काढला, इंजिन चेन पुलीवर उचलून बाहेर घेतलं, ट्रान्समची (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीची) आतली प्लेट आणि बाहेरून ड्राइव्ह धरणारं गिंबल हाउसिंग उतरवलं. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी गिंबल हाउसिंगच्या कडेने पांढरं सिलिकॉन फिरवून ठेवलं होतं. ते सोलून काढल्यावर खालचा प्लाय दिसला, काळा पडलेला आणि बोटाने खरवडला तरी निघेल असा. सगळ्यात वाईट भाग कटआउटच्या (ड्राइव्हसाठी ट्रान्सममध्ये कापलेल्या भोकाच्या) खाली उजवीकडे होता, डेप्थ साउंडरचा सेन्सर बसवलेला आहे त्या बाजूला.

आतून कापून कुजका प्लाय काढला. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय आणून इपॉक्सीत दोन थर बसवले आणि वरून ग्लास मारली. बाहेरचा जेलकोट तसाच आहे. काम भक्कम वाटतंय, ठोकून पाहिलं तर आवाज सगळीकडे घट्ट येतो.

आता प्रश्न. गिंबल हाउसिंग परत बसवताना त्याचं रबरी सील नवीन घेतलंय, पण सोबत सीलंटही लावायचं का? लावायचं तर थ्रीएम ५२००, ४२०० की सिकाफ्लेक्स? इथल्या ओळखीच्या मेकॅनिकांचं सगळं काम आउटबोर्डवर, त्यामुळे नेमकं सांगणारं कुणी नाही. आणखी एक गोष्ट, कटआउटच्या कडेला ट्रान्समची जाडी मोजली तर वर ५५ मिमी आणि खाली ६१ मिमी भरतेय. ग्लासचे थर खाली जरा जास्त पडले. याने फरक पडेल का?


खाजणकाठ:

फोटो टाका हो, कटआउटचे आणि गिंबल हाउसिंगच्या मागच्या खोबणीचेही.

माझ्याकडे व्होल्वो पेंटाचा २९० ड्राइव्ह आहे, त्याची मांडणी वेगळी. पण सीलंटबद्दल माझं मत सरळ आहे, ५२०० चा जाड थर लावा आणि निर्धास्त राहा. मी ट्रान्समवरच्या प्रत्येक गोष्टीखाली तेच वापरतो. पावसात तर ते लवकर सुकतं, कारण ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं. सिलिकॉन मात्र पुन्हा लावू नका. पाण्याखाली ते धरून राहत नाही आणि त्याचा तेलकट अंश पृष्ठभागावर राहिला तर पुढचं काहीच चिकटत नाही.


हर्णैचा_फिटर:

रेवदंडावाले भाऊ, सीलंटचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर ५५ आणि खाली ६१ असताना हा ड्राइव्ह बसवू नका.

मी मूळ हर्णैचा, गेली बरीच वर्षं शारजात बोटींच्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्याकडे स्टर्नड्राइव्हच जास्त येतात. त्यातल्या ट्रान्सम दुरुस्त केलेल्या बोटी पुन्हा पाणी घ्यायला लागतात तेव्हा बहुतेक वेळा प्लाय चांगला असतो, इपॉक्सी चांगलं असतं, पण माप चुकलेलं असतं.

मर्क्रूझरचं म्हणणं असं की ट्रान्समची जाडी ५१ ते ५७ मिमीच्या आत हवी आणि बाहेरची व आतली बाजू एकमेकांना समांतर हव्यात, फरक ३ मिमीपर्यंतच चालतो. तुमचा फरक ६ मिमी आहे आणि खालची जाडी मुळातच हद्दीबाहेर आहे.

हे माप एवढं कडक का, तेही सांगतो. इंजिनाचे मागचे दोन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार) बोटीच्या तळावर बसत नाहीत, आतल्या ट्रान्सम प्लेटवर बसतात. म्हणजे इंजिनाची मागची बाजू कुठे आणि किती कलून राहणार हे ती प्लेट ठरवते. ड्राइव्ह बाहेरून गिंबल हाउसिंगला लटकलेला. दोघांच्या मध्ये तुमचा ट्रान्सम. तो जाड झाला की इंजिन तेवढं पुढे सरकतं आणि ड्राइव्हच्या शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) इंजिनाच्या कपलरमध्ये तेवढे कमी शिरतात. आणि तो पाचरीसारखा झाला की प्लेट कलते, तिच्यासोबत इंजिन कलतं. पुढच्या माउंटवर वरखाली करून थोडं सावरता येतं, पण त्यांचा खेळ संपला की संपला. मग अलाइनमेंट बसत नाही, कपलरचे स्प्लाइन झिजतात, गिंबल बेअरिंग ओरडायला लागतं. आणि रबरी सील? ते एका बाजूला चेपलं जातं, दुसऱ्या बाजूला नुसतं टेकतं. तिथून पाणी येणारच. आधीच्या माणसाने सिलिकॉन का फिरवलं असेल याचं उत्तर कदाचित हेच असेल.

म्हणून आधी नीट मोजा. फक्त कटआउटच्या कडेला नको. बाहेर एक आणि आत एक अशा दोन सरळ पट्ट्या ट्रान्समवर क्लॅम्प करा आणि प्लेटचा जेवढा भाग टेकणार आहे तिथे चारही कोपऱ्यांत मापं घ्या, ती ट्रान्समवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. मग आतून ग्राइंडर मारून खालचा उंचवटा उतरवा. ग्लास कापली जाईल याची भीती नको, पण प्लाय उघडा पडला तर पुन्हा एक पातळ थर बसवावा लागेल, तेवढी जागा धरून चाला. नुसत्या डोळ्यांनी सपाट करायला जाऊ नका. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर भरून काढायचे, घासून नाही.

भरून कसे काढायचे? आतल्या प्लेटच्या ट्रान्समकडच्या बाजूला पारदर्शक पॅकिंग टेप गुळगुळीत लावा आणि टेपवर मेण फिरवा. इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका आणि थोडं मायक्रोफायबर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा. ते ट्रान्समवर लावा, प्लेट त्यावर बसवा, बोल्ट नुसते हाताने आवळा. सगळीकडे ५४-५५ मिमी भरेल असं चार ठिकाणी मोजत मोजत आणा आणि सोडून द्या. पाना अजिबात लावायचा नाही, नाहीतर सगळं पिळून बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी प्लेट सुटते आणि मागे तिच्याच मापाची सपाट, समांतर बैठक उरते. आमच्याकडे प्रत्येक ट्रान्समच्या कामात हे करतात. एवढं केलं तर सीलचं नव्वद टक्के काम झालंच म्हणून समजा.


रेवदंडा_खाडी:

दादा, मनापासून आभार. पाचरीचं कारण वाचलं आणि गेल्या हंगामात स्टिअरिंग उजवीकडे नेलं की येणारा घुरघुर आवाज आठवला. ते गिंबल बेअरिंगच होतं का? बेअरिंग तर नवीन आणलंच आहे.

आज ग्राइंडर मारायला सुरुवात केली. पण इकडे हवेत इतका ओलावा आहे की परवा लावलेल्या इपॉक्सीवर सकाळी हाताला चिकट, साबणासारखा थर लागत होता. इपॉक्सी बिघडलं का? काढून टाकू?


हर्णैचा_फिटर:

वळवताना घुरघुर म्हणजे बहुतेक गिंबल बेअरिंगच. बेअरिंग वाजलं तर युनिव्हर्सल जॉइंटचा बेलो (घड्यांचं रबरी आवरण) फाटला आहे का ते आधी बघा. बेलोतून खारं पाणी गेलं की बेअरिंग गंजतं. नवीन बेअरिंग जुन्या बेलोत बसवलं तर तेही वर्षभरात जाईल.

इपॉक्सी बिघडलेलं नाही. दमट हवेत हार्डनरमधल्या अमाइनचा असा थर वर येतो. तो पाण्यात विरघळतो, थिनरने नाही. साधं पाणी आणि हिरवा घासणीचा तुकडा घ्या, चोळा, स्वच्छ फडक्याने पुसा, वाळवा, मग सँडपेपर. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सँडपेपर मारला, तर तो थर आत रगडला जातो आणि पुढचा हात सुटून येतो. शक्य असेल तर पुढचे थर आधीचा थर अजून चिकट असतानाच द्या, म्हणजे धुण्याची वेळच येत नाही. शेडमध्ये ट्रान्समजवळ ताडपत्रीचा आडोसा करून आत शंभरचे दोन-तीन जुने पिवळे बल्ब लावून ठेवलेत तरी बराच फरक पडतो. एलईडीने काही होणार नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी.

आता सीलबंदी. कटआउटची जी कड कापून उघडी पडली आहे ती सगळ्यात आधी. तिथे प्लायचा आडवा काप दिसतो आणि लाकूड पाणी तिथूनच पितं. पातळ इपॉक्सीचे तीन थर, पहिला शोषून घेईल तेवढा. मग बोल्टची भोकं. प्रत्येक भोक दोन साइज मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध मूळ मापाचं भोक पाडा. असं केलं की बोल्टच्या भोवती लाकूड राहतच नाही, इपॉक्सीची नळी राहते. उद्या सील दगा देईल तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही, आणि बोल्ट आवळताना लाकूड चेपतही नाही.

आणि त्या डेप्थ साउंडरच्या सेन्सरकडे बघा. तुम्हीच लिहिलंय की कुज सगळ्यात जास्त त्या बाजूला होती. ट्रान्सममध्ये नुसते स्क्रू मारलेले असतात, पाण्याखाली, सीलंटशिवाय. शिडीचे स्क्रू, ट्रिम टॅबचे स्क्रू, ड्रेन प्लगची फ्लँज, पाणी आत शिरायच्या वाटा या असतात. लोक शिव्या ड्राइव्हला देतात. ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१ तुम्हाला इथे वापरायचंय. सेन्सरसाठी पुन्हा ट्रान्सममध्ये भोकं पाडण्यापेक्षा एक प्लास्टिकची पट्टी चिकटवा आणि सेन्सर त्या पट्टीला स्क्रू करा.

गिंबल हाउसिंगखाली मात्र मी सीलंट लावत नाही. खोबण ब्रशने स्वच्छ करायची, जुना गोंद निघेपर्यंत. नवीन रबर पातळ गोंदाने खोबणीत बसवायचं, म्हणजे लावताना घसरणार नाही. बस. बैठक सपाट असेल तर एवढं पुरतं.


खाजणकाठ:

इथे मी सहमत नाही. पाण्याखालच्या एवढ्या मोठ्या भोकाला फक्त एक रबर? आजपर्यंत ५२०० ने मला कधी दगा दिलेला नाही.


हर्णैचा_फिटर:

खाजणकाठ, ५२०० वाईट नाही. हल आणि डेक जोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्याचा जोड कायमचा असतो, आणि गिंबल हाउसिंग कायमचं नसतं. वरच्या स्विव्हल शाफ्टचं (ड्राइव्ह वळवणाऱ्या उभ्या शाफ्टचं) सील आणि बुश कधी ना कधी जातातच, ते बदलायला ट्रान्सम असेंब्ली उतरवावी लागते. खाली ५२०० असेल तर वायर आणि पाचर घेऊन दिवस घालवावा लागतो, आणि सोबत जेलकोटचे तुकडे निघतात. दुसरं, रबराखाली ओलं सीलंट असलं की आवळताना रबर घसरतं, खोबणीतून बाहेर येतं आणि ते बाहेरून दिसतही नाही.

तुमचा व्होल्वोही रबरावरच आहे की. ट्रान्सम शील्डच्या मागे जो जाड रबर असतो त्यावरच ते सगळं उभं आहे. १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक बाजारात आला तेव्हापासून स्टर्नड्राइव्ह म्हणजे ट्रान्सममधलं एक मोठं भोक आणि ते नीट बंद करणं, हेच आहे.


लेनियरकाठी:

मी जॉर्जियात लेक लेनियरवर बोट चालवतो, गोडं पाणी. हर्णैकरांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा, मीही रबराशिवाय काही लावलेलं नाही आणि आतून कोरडं आहे. एकच गोष्ट जोडतो. इकडे आम्ही मॅग्नेशियमचे ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) वापरतो. जुनी बोट किंवा पार्ट अमेरिकेतून आले असतील तर त्यावर तेच असू शकतात. खाऱ्या पाण्यात ते भराभर विरघळून जातात. खाडीत ॲल्युमिनियमचे लावा.


रेवदंडा_खाडी:

ॲनोड बघतो, धन्यवाद.

प्लेट इपॉक्सीच्या बैठकीवर बसवून घेतली. काल सोडली तेव्हा टेपवरून अलगद सुटली. चार कोपऱ्यांत ५४, ५५, ५४, ५५. इतकं बरं वाटलं की घरच्यांना बोलावून दाखवलं! सेन्सरचे स्क्रूही काढले, दादा म्हणाले तसंच निघालं. भोकांतून काळं पाणी गळालं.

आता पुढचं. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते तपासायचा अलाइनमेंटचा बार इथे कुणाकडे नाही. लेथवर करून घेऊ का? आणि टॉर्क किती ठेवायचे? माझ्याकडचा टॉर्क पाना न्यूटन-मीटरचा आहे.


हर्णैचा_फिटर:

५४-५५ म्हणजे उत्तम. ज्याने घरच्यांना ट्रान्सम दाखवला त्याचा ट्रान्सम आता पाणी घेणार नाही.

बार लेथवर करू नका. बेअरिंगमध्ये बसणारा भाग थोडा जरी कमी भरला तर बार आरामात सरकतो आणि तुम्हाला वाटतं सगळं जुळलं. खोटी खात्री देणाऱ्या बारपेक्षा बार नसलेला बरा. मुंबईत स्टर्नड्राइव्हची कामं करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपकडून आठवडाभर भाड्याने मागा, नाहीतर विकत घ्या. पुढे दर वेळी लागणार आहे.

क्रम असा धरा. इंजिन आत जायच्या आधी जेवढं करता येईल तेवढं करून घ्या, नंतर हात पोचत नाही. गिंबल बेअरिंग बसवताना त्याचं ग्रीसचं भोक आणि त्याच्याभोवतीच्या टॉलरन्स रिंगची फट एका रेषेत ठेवा. स्विव्हल शाफ्टचं वरचं सील बदला, बोटीत थेंब थेंब पाणी येण्याची ती अगदी ओळखीची वाट आहे आणि इंजिन बाहेर असताना ते काम सोपं आहे. पाण्याच्या होजची गिंबल हाउसिंगमधली फिटिंग हाताने हलवून बघा. अल्फामध्ये थंड करणारं पाणी ड्राइव्हकडून याच वाटेने इंजिनाकडे येतं, ती सैल असेल तर पाणी थेट बिल्जमध्ये.

गिंबल हाउसिंग आणि आतली प्लेट आवळायची ती मधून बाहेरच्या दिशेने, समोरासमोरचे नट थोडे थोडे करत. शेवटी २७ ते ३४ न्यूटन-मीटर. त्याच्या पुढे जाऊ नका. जास्त आवळल्याने सील जास्त घट्ट होत नाही, रबर चिरडतं.

मग इंजिन. मागच्या माउंटमधले वायसर ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने जातील. फायबरचा मोठा वायसर आणि त्याच्या पोटात दोन वेढ्यांचा स्प्रिंग वायसर. तो स्प्रिंग वायसर वर किंवा खाली राहिला तर इंजिन तिरकं बसतं. मागचे बोल्ट ४७ ते ५४ न्यूटन-मीटर. इंजिनाचं वजन पुढच्या माउंटवर पूर्ण आलं पाहिजे, चेन ढिली करा, मगच बार घाला.

बारच्या टोकाला कपलर ग्रीस लावा. दोन बोटांनी ढकलून तो आत गेला पाहिजे. हातोडी नको, झटका नको. बाहेर काढून ग्रीसवर उमटलेले स्प्लाइनचे ठसे बघा. सगळीकडे सारखे असतील तर झालं. फक्त वर किंवा फक्त खाली उमटले असतील तर पुढचे माउंट थोडे उचला किंवा उतरवा, पुन्हा घाला, पुन्हा बघा. यात घाई करू नका. मी स्वतः हे समाधान होईपर्यंत करतो, मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघत असला तरी.

बेल हाउसिंग (गिंबल हाउसिंग आणि ड्राइव्हच्या मधला भाग) बसवताना युनिव्हर्सल जॉइंटचा बेलो आणि शिफ्ट केबलचा बेलो, दोन्ही नवीन. बोट बुडवणारे हे दोन. एक्झॉस्टचा बेलो फाटला तर आवाज वाढतो, बोट बुडत नाही. क्लिपचे स्क्रू अशा बाजूला ठेवा की ड्राइव्ह पूर्ण वर केल्यावर आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेल्यावर कशालाच घासणार नाहीत. हिंज पिनच्या आट्यांना लॉकटाइट आणि १२९ न्यूटन-मीटर. जोडणीच्या सगळ्या छोट्या अर्थिंगच्या वायरी जागच्या जागी परत लावा. त्या नसतील तर ॲनोड आपला नवीन राहतो आणि ड्राइव्ह खाल्ला जातो.

ड्राइव्ह चढवताना गिअर फॉरवर्डमध्ये, कंट्रोलही फॉरवर्डमध्ये. नवीन गॅस्केट आणि ओरिंग, स्प्लाइनना ग्रीस. शाफ्ट कपलरमध्ये शिरत नसेल तर प्रोपेलर शाफ्ट हाताने थोडा फिरवा. नटांनी ओढून आत घ्यायचा नाही. तो स्वतःहून बसला की ६८ न्यूटन-मीटर.

तळाला तांब्याचा अँटीफाउलिंग (शिंपल्या-शेवाळ धरू न देणारा) रंग देणार असाल तर ड्राइव्ह आणि गिंबल हाउसिंगच्या भोवती ४० मिमी जागा कोरी सोडा. ड्राइव्हला तो रंग कधीच नाही, तांबं ॲल्युमिनियमला खातं.

उतरवायच्या दिवशी प्लेटच्या खाली आणि भोवती टाल्कम पावडर भुरभुरून ठेवा. बोट पाण्यात गेली की इंजिन चालू करण्याआधी अर्धा तास नुसती बघत बसा. थेंब आला तर पावडरवर त्याची वाट दिसते, नेमका कुठून आला ते कळतं. मग चालवून आल्यावर पुन्हा बघा, वळताना आणि वेगात दाब वेगळा असतो.


रेवदंडा_खाडी:

दादा, हे सगळं प्रिंट काढून शेडमध्ये लावतोय. शेवटचा प्रश्न. बोट खाडीत नांगरलेली असताना ड्राइव्ह वर ठेवू की खाली? वर ठेवला तर शिंपल्या कमी चढतील असं इथले लोक म्हणतात.


हर्णैचा_फिटर:

खाली. वर ठेवला की बेलो ताणलेला राहतो, त्याच्या घड्या तशाच धरतात आणि रबर लवकर चिरतं. शिवाय वर केला तरी अल्फा पूर्ण पाण्याबाहेर येत नाही, वरचा भाग आणि बेलो पाण्यातच राहतात. शिंपल्या बेलोच्या घड्यांत चढतात आणि ड्राइव्ह हलला की त्यांच्या धारेने रबर कापलं जातं. ओहोटीला बोट कोरडी पडते अशा ठिकाणी तिला अजिबात ठेवू नका, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी लाकडी पट्टीने घड्या साफ करा. लोखंडी खरवडणी नको.